टॉवेलवर उरलेलं

१

मशीन उघडायचं तर आधी टॉवेल अंथरायचा, ही माझ्या वडिलांची शिस्त. पांढरा, धुतलेला, एकही सुरकुती नसलेला. पहिला भाग निघेल तो डाव्या कडेला ठेवायचा, दुसरा त्याच्या शेजारी, असं उजवीकडे सरकत जायचं. जोडताना उजवीकडून उलटं यायचं. शेवटचा स्क्रू बसला की टॉवेल रिकामा, आणि टॉवेल रिकामा झाला की चहा. वडील गेले, त्यांची हत्यारं माझ्याकडे आली, टॉवेल कितीतरी बदलले, पण टॉवेलवर काही उरलं असताना चहा माझ्या घशाखाली उतरत नाही.

मी शिलाई मशीनं दुरुस्त करते. बाईमाणूस आणि हातात पाना, म्हणून पूर्वी लोक बिचकायचे. केस पांढरे झाल्यापासून कुणी बिचकत नाही. पुढच्या खोलीत माझं टेबल आहे आणि खिडकीखाली नवऱ्याचं पायमशीन. ते शिंपी आहेत. गिऱ्हाइकं त्यांना मास्तर म्हणतात, म्हणून मीही मास्तरच म्हणते. ते मला इंजिनीअर म्हणतात, आणि तेही मुद्दाम चार लोकांत. मागच्या खोलीत आम्ही राहतो. बाबा कापड बिघडवतात आणि आई मशीन, असं आमच्या लेकीचं मत आहे. ती लग्न होऊन शहराच्या दुसऱ्या टोकाला गेली, पण तोंड इथेच ठेवून गेली.

सुखाचं चाललं होतं. फक्त मास्तरांची छाती बिघडली होती. आतली एक झडप सैल झालीय, डॉक्टर म्हणाले, या वयात उघडून बघण्यात धोका जास्त, तेव्हा जपा. मास्तर दुकानात येऊन गिऱ्हाइकाला सांगतात, "आमची झडप सैल आहे, पण टाके घट्ट." पॅडल मारताना ते मध्येच थांबायचे, छातीवर हात ठेवायचे, मग पुन्हा सुरू करायचे. मशीनचा आवाज थांबला की मी मान वर करायची. पुन्हा सुरू झाला की मान खाली. दिवसभर माझं तेच चालायचं. मला फार भीती वाटायची. हे मी त्यांना कधी बोलून दाखवलं नाही, पण त्यांना कळत होतंच.

त्या दिवशी दुपारी मी गादीवाल्या बाईंचं मशीन उघडलं होतं. जाड कापडाचं, जुनं, हट्टी मशीन. आतून कापूस आणि धूळ काढली, तेल दिलं, उजवीकडून एकेक भाग घेत सगळं जोडलं, शेवटचा स्क्रू आवळला. टॉवेलवर एक तुकडा उरला.

लोखंडाचा, बोटाच्या पेराएवढा, किंचित वाकलेला. एका टोकाला भोक. एक कड घासून चकचकीत झालेली.

"मास्तर, उरलं काहीतरी," मी म्हटलं.

"उरलं ते कंपनीचं चुकलं," ते मान वर न करता म्हणाले. "चालवून बघ आधी."

मी चालवून पाहिलं. इतकं मऊ चालणारं मशीन माझ्या टेबलावर आजवर आलं नव्हतं. सुई खालीवर होत होती आणि आवाज असा की कुणी हलकेच पान उलटतंय. मास्तर उठून आले, त्यांनी एक चिंधी शिवून पाहिली आणि टाके डोळ्यांजवळ नेले.

"इंजिनीअर, आता उघडलंस तर हात मोडेन तुझे."

मी तो तुकडा एका डबीत टाकला. चहा केला, पण घेतला नाही.

२

पुढचं मशीन गणवेश शिवणाऱ्या एका गिऱ्हाइकाचं होतं. नवं, वेगळ्या बनावटीचं, मोटरवर चालणारं. या खेपेला मी डोळ्यांत तेल घालून काम केलं. प्रत्येक भाग काढताना त्याचं नाव मोठ्याने घेतलं, शाळेत हजेरी घेतात तसं. मास्तर खिडकीखालून प्रत्येकाला "हजर" म्हणत होते. जोडून झालं, आणि टॉवेलवर एक तुकडा होता. त्याचं नाव मी घेतलं नव्हतं आणि मास्तर त्याच्यासाठी हजर म्हणाले नव्हते.

तोच आकार, तेच भोक, तशीच घासलेली कड.

माणसाचं डोकं अशा वेळी सरळ कारणं शोधतं. डबीतला तुकडा टॉवेलवर पडला असेल, असं मला वाटलं. डबी उघडली तर पहिला आतच होता. दोन्ही शेजारी ठेवले. नव्या मशीनचा कमी झिजला होता, जुन्याचा जास्त. वाटलं, दोन्ही मशीनं कुणा एकाच कारागिराकडे गेली असतील आणि त्याने आपल्या अकलेने काहीतरी जोड दिला असेल. आमच्या धंद्यात अतिशहाणे कमी नाहीत. पण नवं मशीन त्याआधी कुणी उघडलंच नव्हतं. स्क्रूच्या खाचेवर स्क्रूड्रायव्हरचा ओरखडाही नव्हता.

गणवेशवाला येऊन मशीन घेऊन गेला आणि दुसऱ्या दिवशी फक्त कौतुक करायला परत आला. मग एका बाईंच्या घरातलं छोटं हातमशीन आलं. त्यातूनही निघाला. बारीक, मुलाच्या दातासारखा, पण आकार तोच. तेही मशीन सुरेख चालायला लागलं.

मी माझ्यावर खूश होते हे खोटं कशाला सांगू? गिऱ्हाईक वाढलं. "बाईंच्या हाताला गुण आहे" असं लोक म्हणायला लागले. मास्तर म्हणाले, "हाताला गुण आहे, पण चहा तेवढा बिनसाखरेचा होतो." मला डॉक्टरांनी साखर बंद केली नव्हती, त्यांना केली होती.

३

गादीवाल्या बाई आल्या त्या पायरीवरूनच बोलत. उजव्या हाताच्या बोटाला हे एवढं बँडेज.

"काय पाजलंत हो माझ्या मशीनला?"

"काय झालं?"

"बोट गेलं सुईखाली. जातं, आमच्या धंद्यात कुणाचं जात नाही? पण सुई अडते. मोडते. निदान कुरकुरते तरी. हे मेलं नखातून आरपार शिवत गेलं. आवाजसुद्धा बदलला नाही! मी पाय काढले पॅडलवरून, तरी पुढे टाके घातलेच त्याने. बोटावर, मग कापडावर. सरळ रेषेत, अगदी सुंदर."

मास्तरांनी त्यांना खुर्ची दिली, पाणी दिलं. मी त्यांची माफी मागितली, तर त्या उलट मलाच समजावायला लागल्या.

"अहो, तुमची चूक नाही. मशीन झकासच झालंय. तेच तर म्हणतेय मी. आधी ते अडायचं. जाड शिवण आली की थांबायचं, मला म्हणायचं, बाई, बघ जरा. आता ते मला काही म्हणतच नाही."

मी त्यांना माझ्याकडचं दुसरं मशीन दिलं आणि त्यांचं ढकलगाडीवरून परत आणवलं.

४

टेबलाखालच्या पॅडलला पट्टा लावून मी त्याच्या सुईखाली आधी चामड्याची घडी दिली. शिवली. मग काड्यापेटीचा खोका दिला. शिवला. मग मास्तरांची लाकडी फूटपट्टी दिली. ते ओरडले, "अगं माझी पट्टी!" आणि मग सुईकडे बघतच राहिले. सुई लाकडात शिरत होती, निघत होती. मोडत नव्हती. आणि आवाज तोच, कुणीतरी सावकाश पानं उलटत असल्याचा.

मी पाय काढले. चाक फिरत राहिलं. मी तळवा चाकावर ठेवून दाबला तेव्हा ते थांबलं, पण माझा हात होता म्हणून.

तेव्हा मला समजलं की हा तुकडा काय काम करत असावा. मशीन पळवणारे भाग पुष्कळ असतात, ते सगळे जागच्या जागी होते. हा अडवणारा होता. याच्यामुळे मशीन नको तिथे अडायचं, कुरकुरायचं, थांबायचं. तो निघाला आणि थांबणंच निघून गेलं. अशा भागाबद्दल वडिलांनी मला कधी सांगितलं नव्हतं. कुठल्या पुस्तकातही तो नव्हता.

मग परत बसव, कुणीही म्हणेल. मी दिवसभर तेच करत होते. मशीन पुन्हा उघडलं, सगळे भाग ओळीने मांडले. प्रत्येकाला आपली जागा होती आणि प्रत्येक जागेला आपला भाग. त्या तुकड्याच्या भोकाला कुठला स्क्रू लागत नव्हता, त्याची वाकण कशालाच जुळत नव्हती. पण कड घासलेली होती. घासलेली कड खोटं बोलत नाही. तो वर्षानुवर्षं आत कशाला तरी टेकत होता.

शेवटी मी पट्टा काढून टाकला आणि मशीन भिंतीकडे तोंड करून ठेवलं. बाकीच्या गिऱ्हाइकांकडे गेले. मशीन परत द्या म्हटलं, तर गणवेशवाला हसला. चालतं मशीन कोण परत देतो? बोटं सांभाळा, एवढं सांगून मी आले.

"नवी मशीनं घेऊ नकोस काही दिवस," मास्तर म्हणाले. मी बरं म्हटलं. त्यांचा चेहरा मला तेव्हाच बरा दिसत नव्हता.

५

दुसऱ्या दिवशी लख्ख ऊन होतं. टेबलावर मी सवयीने टॉवेल अंथरला होता, उघडायला काही नसताना. मास्तर एका शर्टाची बाही लावत होते. त्यांच्या मशीनचा आवाज थांबला. मी मान वर केली.

ते मशीनवर कपाळ टेकून बसले होते. मी धावले. त्यांना खाली सतरंजीवर आडवं केलं, बटणं काढली आणि छाती चोळायला लागले. हत्यारांना तेल देत होते, म्हणून माझे हात तेलकट होते. त्यांच्या छातीत ठोका पडत होता, मग पडत नव्हता, मग दोन एकदम पडत होते. इतकी वर्षं बिघडलेलं यंत्र हाताखाली आलं की माझे हात आपोआप शोधायला लागतात, काय सैल आहे, काय अडतंय. ते तेव्हाही शोधत होते. तोंडाने मी एकच म्हणत होते, "थांबू नका हो. मास्तर, थांबू नका."

माझ्या हातांनी काय केलं ते मला माहीत नाही. मी खरंच सांगते. एवढंच आठवतं की काहीतरी सहज सुटल्यासारखं वाटलं, आणि मास्तरांनी लांब श्वास घेतला, डोळे उघडले आणि म्हणाले, "शर्टाला तेल लागलं ना माझ्या."

मी रडले. हसलेही. शेजारच्यांना हाक मारून डॉक्टरांना बोलवू का म्हटलं, तर ते उठून बसले होते. "कशाला? मला छान वाटतंय. कितीतरी दिवसांनी." आणि ते खुर्चीवर बसून उरलेली बाही लावायला लागले.

हात पुसायला मी टेबलाकडे गेले. टॉवेलच्या मधोमध एक तुकडा होता.

तोच आकार, तेच भोक, तशीच घासलेली कड. पण लोखंडाचा नव्हता. जुन्या कोटाला शिंगाची बटणं असतात, त्या रंगाचा होता. हलका. मी उचलला तेव्हा तो कोमट होता.

मागे मशीन चालू होतं. बाही संपली तरी चालू होतं.

६

पुढचे दिवस आमच्या आयुष्यातले सगळ्यात सुखाचे होते. यात मी काही वाढवून सांगत नाही.

मास्तर सकाळी गाणं म्हणत उठायचे. चढ चढताना दम लागत नव्हता. रखडलेले कपडे त्यांनी संपवले, मग लेकीसाठी कुडते शिवायला घेतले, मग माझ्यासाठी. संध्याकाळी आम्ही फिरायला जायला लागलो. लग्नाच्या सुरुवातीला गेलो होतो, त्यानंतर आत्ताच. ते वाटेत दुकानांच्या पाट्यांची टिंगल करायचे आणि मी नको नको म्हणत हसायचे. डॉक्टरांकडे तपासायला जायची तारीख होती. मी म्हटलं पुढच्या आठवड्यात जाऊ, आणि पुढच्या आठवड्यातही तेच म्हटलं. डॉक्टर छातीला नळी लावतील आणि ऐकतील, एवढंच माझ्या मनात यायचं. त्यापुढे मी विचार करत नव्हते.

बारीकसारीक गोष्टी होत्या. पेल्यात पाणी ओतायला लागले की पेला भरायचा, पाणी ताटात, ताटातून फरशीवर. मी "बास" म्हटलं की ते तांब्या खाली ठेवायचे. कापड संपलं तरी सुई रिकाम्या पत्र्यावर चालत राहायची आणि ते प्रसन्न चेहऱ्याने बघत बसायचे. फिरायला गेलं की वळणावर मी कोपर धरून त्यांना वळवायची, नाहीतर ते सरळ गेले असते. रस्ता संपेपर्यंत, आणि मला वाटतं त्यानंतरही.

त्यांचं थांबणं आता माझ्याकडे आलं होतं. मला त्याचा त्रास नव्हता. नवरा-बायकोत एक बोलका असतो, एक गप्प. एक उधळा, एक चिकट. आमच्यात एक चालणारा आणि एक थांबवणारी, त्यात काय एवढं? गावभर अशी जोडपी आहेत, असं मी स्वतःला सांगायची. आणि बरेचदा ते मला पटायचंही.

एकदा मात्र मी शेजारी गप्पा मारत बसले आणि वेळ झाला. परत आले तर मास्तर कोथिंबीर चिरत होते. कोथिंबीर संपली होती. लाकडी पाटावर सुरी चालू होती, पाटात खाच पडली होती आणि त्यांचं बोट खाचेच्या अगदी जवळ होतं. मी किंचाळून "बास" म्हटलं.

"काय गं?" ते हसून म्हणाले. "एवढी का घाबरलीस?"

त्यानंतर मी त्यांना एकटं सोडलं नाही.

७

दुपारी जेवण झाल्यावर मास्तर आडवे होत, मी झोपा म्हणायची म्हणून. त्या दिवशी त्यांचा डोळा लागला होता. पडद्यातून ऊन येत होतं. मागच्या खोलीत शांत होतं आणि मला कसलाही घोर नव्हता. मी सहज त्यांच्या छातीवर डोकं ठेवलं. तरुणपणी ठेवायची तसं.

ठोका नव्हता.

मी घाबरून उठणार होते, पण आवाज होता. ठोक्याला ठोका का म्हणतात, तर एक पडतो, मग जरा काही नसतं, मग दुसरा पडतो. मधलं ते जरासं काही नसणं इथे नव्हतं. एक सलग, मऊ, खाली न पडणारा आवाज होता. कुणीतरी पानं उलटत असावं, आणि पुस्तक संपतच नसावं.

माझे हात आपोआप गेले. डाव्या बरगडीच्या खाली, सदऱ्यावरून, बोटांना एक खोलगट जागा लागली. पेराएवढी, किंचित वाकलेली. लोखंडी मशीनांत दिवसभर शोधून जी सापडली नव्हती, ती इथे पहिल्या स्पर्शात सापडली. डबी माझ्या पदरालाच बांधलेली असे. मी तो शिंगाच्या रंगाचा तुकडा काढला आणि सदऱ्यावरून त्या जागेपाशी धरला. तो हातात जरासा वळला, जागेकडे तोंड करून.

तो बसला असता. नुसता दाबायचा अवकाश होता. मग पेला भरला की पाणी ओतणं थांबलं असतं, कापड संपलं की सुई थांबली असती, आणि छातीतली झडपही, डॉक्टर म्हणाले होते तशी, कुठल्याही दिवशी.

ऊन त्यांच्या कानावर आलं होतं. त्यांचा चेहरा तृप्त होता. मी तुकडा डबीत ठेवला आणि डबीचं झाकण घट्ट लावलं.

८

रविवारी सकाळी लेक आली. आल्या आल्या दारातून म्हणाली, "बाबा, तुम्ही तर माझ्यापेक्षा तरुण दिसताय!"

"कुडता घालून बघ," मास्तर म्हणाले. "चुकला असेल तर आईला दाखव, ती उसवून त्यातून काहीतरी काढेल."

ती कुडता घालून आली, आरशात पाहिलं, आणि लाडात येऊन त्यांच्या खुर्चीच्या हातावर बसली. लहानपणी ती माझ्या टेबलाखाली वाढली, बोलायच्या आधी तिला स्क्रू सोडवता येत होता. आता कचेरीत कामाला आहे, पण हात माझेच आहेत तिचे. तिने बाबांच्या खांद्यावर डोकं टेकवलं, मग ते घसरून छातीवर आलं.

"किती छान वाटतंय इथे," ती म्हणाली. "झोप येते."

मग तिने कान छातीला नीट लावला.

मी टेबलापाशी उभी होते. तिचा हात त्यांच्या सदऱ्यावरून हळूहळू खाली सरकताना मी पाहिला. बरगडीखाली तो अडला. बोटं एकदा त्या जागेच्या कडेने फिरली. तिने डोळे वर करून माझ्याकडे पाहिलं, मग माझ्या पदराच्या गाठीकडे पाहिलं.

मास्तर कुडत्याच्या गळ्याबद्दल काहीतरी सांगत होते. ती उठली, माझ्याजवळ आली, आणि गाठ सोडून तिने डबी उघडली. लोखंडी तुकडे तिने बाजूला सारले. शेवटचा तळहातावर घेतला.

"दुखत नाही ना त्यांना?" तिने हळूच विचारलं.

"नाही. आनंदात आहेत."

"बसवलास तर?"

मी मास्तरांच्या छातीकडे पाहिलं. तिला ते पुरलं. ती आमची लेक आहे. तिच्या डोळ्यांत पाणी आलं, आणि मला वाटलं आता ही म्हणेल, आई, हे बरं नाही. मी त्याची वाट पाहत होते. कुणीतरी ते म्हणावं असं मला कितीतरी दिवस वाटत होतं, आणि कुणी म्हणेल याचीच भीती होती.

"राहू दे," ती म्हणाली. "आई, राहू दे ना."

माझ्या छातीवरचा दगड उतरला. मी तिचा हात धरला.

"पण मी गेल्यावर?"

"मी आहे की. मला जागा सापडली आहे. मी बघेन त्यांच्याकडे."

"आणि तुझ्यानंतर?"

तिने तुकडा डबीत ठेवला. खिडकीबाहेर कुणीतरी सायकलची घंटी वाजवत गेलं. ती बराच वेळ झाकण लावत होती.

"तेव्हाचं तेव्हा," ती म्हणाली.

"काय ठरवताय मायलेकी?" मास्तरांनी खुर्चीतून विचारलं. "माझ्याबद्दलच दिसतंय. मग मला कुणी विचारणार आहे का?"

ते इतक्या भाबड्या रुसव्याने म्हणाले की आम्हाला राहवलं नाही. लेकीने डोळे पुसले आणि ती हसायला लागली. मीही हसले. आम्हाला हसताना पाहून मास्तरही हसायला लागले, मान मागे टाकून, पोट धरून, पूर्वी हसायचे तसे.

मग आम्ही दोघी थांबलो.